न झालेल्या विमानाचा हिशेब

शिक्रा पहिल्यांदा उडाला तो पनवेलमध्ये, रात्री सव्वाअकरा वाजता, आणि उतरताना नाकावर उलटला. चाकं धावपट्टीला टेकली, मी ब्रेक दाबले, शेपूट उचललं गेलं, प्रोपेलरची पाती जमिनीत रुतली आणि पडद्यावरचं चित्र तिरकं होऊन थांबलं. पलीकडच्या खोलीत सगळे झोपले होते. मी दिवा लावला, वही काढली आणि लिहिलं, 'नाक जड. वजनं पुन्हा मांड.'

हे विमान जगात कधीच झालेलं नाही. 'हिंदुस्तान शिक्रा, एका आसनाचं लढाऊ विमान, बंगळूर, १९४४' एवढी ओळ माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. ते उडतं ते फ्लाइटगिअर नावाच्या सिम्युलेटरमध्ये, माझ्या टेबलावरच्या संगणकात. नाव सुचलं ते कर्नाळ्यामुळे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य आहे. तिथे शिक्रा दिसतो. आखूड रुंद पंख, लांब शेपूट, झाडांच्या गर्दीतून घातलेली सरळ झडप. मला हवं होतं ते विमान तसंच होतं.

माझी नोकरी तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात. दिवसभर पंप, टाक्या, पाइपांचे सांधे. घरी आल्यावर, जेवणं आटोपल्यावर, विमान. गेली तीन वर्षं हे चालू आहे आणि त्यातून मला जे सापडलं ते सांगावं म्हणून हा लेख.

न झालेली लढाऊ विमानं कल्पून ती सिम्युलेटरमध्ये उडवायची, हा छंद जगभर पसरलेला आहे. १९९१ साली लुकासआर्ट्सने काढलेल्या खेळात जर्मनीची अर्धवट राहिलेली विमानं भरात उडत होती. २००० साली आलेल्या 'क्रिमसन स्काइज'ने १९३० च्या दशकातली अमेरिकाच फोडून तिची छोटी राष्ट्रं केली आणि त्यांच्या आकाशात झेपेलिनं आणि लुटारू वैमानिक सोडले. ओलेग मॅडॉक्स यांच्या रशियन चमूने २००१ मध्ये 'आयएल-२ स्टुर्मोविक' काढला. त्याची २००६ ची आवृत्ती '१९४६' या नावाने आली आणि युद्ध आणखी वर्षभर चाललं असतं तर आकाशात काय दिसलं असतं, हे दाखवू लागली. तेव्हापासून छंदिष्टांच्या बोलण्यात १९४६ हा आकडा म्हणजे एक अख्खा प्रदेश झाला आहे. जपानचं शिंडेन, ज्याचं प्रोपेलर शेपटीकडे आणि छोटे पंख नाकाशी, ऑगस्ट १९४५ मध्ये खरोखर उडालं होतं, पण लढाईला पोचलं नाही. २०२३ च्या 'गॉडझिला मायनस वन' चित्रपटात त्याला शेवटी काम मिळालं.

या सगळ्या गर्दीत जर्मन विमानं आहेत, जपानी आहेत, अमेरिकन, रशियन, अगदी रुमानियन आहेत. आपलं एकही विमान माझ्या नजरेस पडलं नाही. तिथून माझी सुरुवात झाली.

आपल्याकडे जर-तरची हौस कमी नाही. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा विषय मराठी घरात चहाबरोबर निघतो आणि बहुतेक वेळा कप रिकामे होईतो हळहळीवर येऊन थांबतो. जयंत नारळीकरांनी आपल्या कथेत गंगाधरपंतांना दुसऱ्या इतिहासात नेऊन सोडलं, तेव्हा त्यांनी हळहळ बाजूला ठेवली. त्यांनी एकच गोष्ट बदलली. गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली. बाकीचं राज्य, बाकीची मुंबई, सगळं त्या एका बदलाच्या मागोमाग आलं. विमान कल्पताना मी हा नियम उचलला. इतिहासात एकच गोष्ट बदलायची आणि त्यानंतरचा खर्च पैपैने मांडायचा.

बदलायची कुठली गोष्ट?

सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद १९३९ मध्ये मोटारींच्या कारखान्याच्या खटपटीत अमेरिकेला निघाले होते. त्या विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. बोलणं मोटारींवरून विमानांवर गेलं आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिथे जोडलेलं हार्लो जातीचं शिकाऊ विमान उडालं. जुलै १९४२ च्या अखेरीस कर्टिस हॉक हे लढाऊ विमान उडालं. हॉकनंतर व्हल्टी व्हेंजन्स ही बाँबफेकी विमानं करायची, असा बेत होता.

पण जपानी फौजा ब्रह्मदेशात आल्या होत्या. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या हाती दिला. तिथून युद्ध संपेपर्यंत बंगळूर हे मोठं दुरुस्ती केंद्र होतं. डकोटा येत, मिचेल येत, कॅटालिना येत, दुरुस्त होऊन जात. हजारो हातांनी विमान उघडणं आणि मिटणं शिकून घेतलं. हे शिक्षण मोलाचं होतं, यात शंका नाही. पण नवं विमान आखण्याचं काम त्या काळापुरतं मागे पडलं.

आणि आखणारा माणूस तिथेच होता. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे, जन्म १९०८. मुंबईत पदार्थविज्ञान शिकून ते जर्मनीत गटिंगेनला गेले आणि लुडविग प्रान्टल यांच्या हाताखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले. प्रान्टल म्हणजे ज्यांनी १९०४ मध्ये विमानाच्या अंगाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा सिद्धान्त मांडला, ते. आजही जगातलं कुठलंही पंखांचं गणित त्या थराला ओलांडून जाऊ शकत नाही. असा गुरू केलेला मराठी माणूस १९४२ मध्ये बंगळुरात होता. त्या डिसेंबरात भारतीय विज्ञान संस्थेत विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीतही घाटगे होते.

माझा एक बदल ठरला. कारखाना दुरुस्तीकडे गेला तर जाऊ दे. एक ड्रॉइंग ऑफिस मात्र चालू राहिलं आणि घाटग्यांना वीस ड्राफ्ट्समन मिळाले. एवढंच. मी स्वतः ड्रॉइंग ऑफिसात बसतो, म्हणून ही मागणी मला फार मोठी वाटली नाही.

ती फार मोठी नव्हती हे ऑस्ट्रेलियाने सिद्ध केलं आहे. तिथेही १९४२ मध्ये जपान्यांची धास्ती, तिथेही लढाऊ विमान करण्याचा अनुभव शून्य. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ एअरक्राफ्टकडे वायरावे नावाच्या शिकाऊ विमानाचे साचे होते आणि ब्यूफर्ट बाँबफेकी विमानासाठी आणलेली बाराशे अश्वशक्तीची इंजिनं होती. फ्रेड डेव्हिड नावाचा ऑस्ट्रियाहून आलेला ज्यू निर्वासित तिथे होता. त्याने आधी हाइंकेलकडे आणि जपानच्या आयची कंपनीकडे काम केलेलं होतं, म्हणजे शत्रूची विमानं त्याला आतून माहीत होती. हाताशी होतं ते एकत्र करून त्यांनी बूमरँग हे लढाऊ विमान आखलं. फेब्रुवारीत मागणी नोंदली गेली, २९ मे १९४२ ला पहिलं विमान उडालं. एकूण २५० झाली. माझ्या कल्पनेला एवढा खरा शेजार मिळाल्यावर मी निर्धास्त झालो. बंगळुरात हॉकच्या पंखांचं सामान होतं. व्हेंजन्ससाठी राइट कंपनीचं आर-२६०० इंजिन ठरलेलं होतं. चौदा सिलिंडर दोन ओळींत, सोळाशे अश्वशक्ती. हॉकचा पंख आणि व्हेंजन्सचं इंजिन, असा शिक्रा कागदावर आला.

इथवर सगळं सोपं असतं. कल्पना करणारा माणूस इथवर मोठ्या आनंदात येतो, आणि इथून पुढे गणित त्याचा हात धरतं.

फ्लाइटगिअर फुकट मिळतं आणि त्यातलं प्रत्येक विमान उघडून पाहता येतं, म्हणून मी ते निवडलं. त्याच्या आत जेएसबीसिम नावाचं गणितयंत्र आहे. ते सेकंदाला १२० वेळा विचारतं, या क्षणी हवा किती दाट आहे, पंख किती कोनात आहे, इंजिन किती ओढतंय, वजन कुठे आहे, आणि त्यावरून विमान पुढच्या क्षणी कुठे असेल ते काढतं. विमानाचं रूप त्याला कळत नाही. तुम्ही चित्रात कितीही देखणं नाक काढा, त्याला फक्त आकडे दिसतात. ते आकडे एका लांबलचक फायलीत हाताने लिहायचे असतात.

त्यातला सर्वांत मोहात पाडणारा आकडा म्हणजे हवेच्या रोधाचा गुणांक. मी पहिल्यांदा ०.०१९ लिहिला. साडेतीन हजार मीटर उंचीवर, इंजिनाची १,४०० अश्वशक्ती, प्रोपेलरची कार्यक्षमता ८० टक्के आणि २२ चौरस मीटर पंख धरून हिशेब केला तर वेग ताशी ६०० किलोमीटर येतो. ६०० हा आकडा पाहून मला फार बरं वाटलं. मग वाटलं, थांब. एवढा कमी रोध लागतो तो मस्टँगसारख्या विमानाला. त्याचं इंजिन पाण्याने थंड होणारं, नाक निमुळतं आणि पंखाचा पृष्ठभाग विशेष काळजीने केलेला. आपल्या इंजिनाचा तोंडवळा जवळजवळ दीड मीटर व्यासाचा, हवा थेट त्याच्या छातीवर. पंखाचे रिव्हेट पहिल्यांदाच असं काम करणाऱ्या हातांचे. मी ०.०१९ खोडून ०.०२५ लिहिला. वेग ५४७ वर आला. त्रेपन्न किलोमीटर गेले ते माझ्या खोट्या आशेचे होते.

आणि ते परत मिळवायचे म्हटलं तर? वेगाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ५४७ वरून ६०० म्हणजे वेगात दहा टक्क्यांची वाढ, पण शक्ती बत्तीस टक्के जास्त लागते. चारशेहून अधिक घोडे कुठून आणायचे? १९४४ च्या बंगळुरात ते नव्हते. हिंदुस्थानात विमानाचं इंजिन घडतच नव्हतं. प्रत्येक इंजिन बोटीने येणार होतं.

पत्र्याची गोष्टही तशीच. देशातला पहिला अॅल्युमिनियमचा कारखाना केरळात अलुपुरमला १९४३ मध्ये सुरू झाला, तोही बाहेरून आणलेल्या कच्च्या मालावर. मग मला वाटलं, आपल्याकडे सागवान आहे, लाकडाचे पंख करू. इंग्लंडचं मॉस्किटो लाकडाचंच होतं. मी दोन रात्री सागाचा पंख आखण्यात घालवल्या. साग घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतो, विमानाला वापरतात तो स्प्रूस चारशेच्या आसपास. त्यात वाचनात आलं की १९४४ मध्ये भारतात आलेल्या मॉस्किटो विमानांचे पंख हवेत मोडण्याचे अपघात झाले आणि त्या हिवाळ्याच्या तोंडावर ती काही काळ जमिनीवर ठेवावी लागली. आपलं दमट ऊन आणि जोडकामातले दोष, दोन्हींवर तेव्हा संशय होता. ज्यांनी पनवेलच्या एका पावसाळ्यात दरवाजाची चौकट फुगताना पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको. सागाचा पंख मी सोडून दिला. हॉकचे धातूचे पंख ठेवले आणि मान्य केलं की माझ्या इतिहासात शिक्रा शंभराच्या वर होणार नाहीत.

आता ते नाक. हॉकच्या नाकात होतं त्या सायक्लोन इंजिनाचं वजन साधारण ५४० किलो, आर-२६०० चं ९३०. फरक ३९० किलोंचा, आणि तो गुरुत्वमध्याच्या दोन मीटर पुढे. विमानाचं एकूण वजन ३,४०० किलो धरलं तर गुरुत्वमध्य २३ सेंटिमीटर पुढे सरकतो. पंखाची पुढून मागे सरासरी रुंदी १९३ सेंटिमीटर, म्हणजे तिच्या बारा टक्के. हे फार झालं. म्हणूनच ब्रेक दाबताच शेपूट उचललं गेलं होतं. मी इंजिन मागे, वैमानिकाच्या जवळ घेतलं. बॅटरी, रेडिओ आणि प्राणवायूची नळकांडी आसनामागे नेली. पंख किंचित पुढे घेतला. चार मशीनगन आणि हजार गोळ्या मिळून अडीचशे किलो होतात, त्या पंखात बरोबर गुरुत्वमध्याच्या रेषेवर बसवल्या, म्हणजे गोळ्या संपल्या तरी तोल ढळत नाही. या एका कामाला अकरा रात्री गेल्या. बाराव्या रात्री शिक्रा तीन चाकांवर उतरला आणि उभा राहिला.

उतरण्याचा वेगही बंगळूरने मला शिकवला. समुद्रसपाटीला थंड हवेत या विमानाचा किमान वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख हवा सोडतो तो, ताशी १४६ किलोमीटर येतो. पण बंगळूरचं पठार सुमारे नऊशे मीटर उंच आहे. तिथे पस्तीस अंशाच्या दुपारी हवा सोळा टक्के विरळ होते आणि तोच वेग १५९ होतो. इंग्लंडच्या हवेसाठी लिहिलेले तक्ते इकडे जसेच्या तसे चालत नाहीत. आपल्या उन्हातलं, आपल्या उंचीवरचं विमान वेगळं असतं, हे मी याआधी कधी विचारात घेतलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता, अकरावीतला. खाली सोसायटीच्या आवारात लहान मुलं किल्ला करत होती आणि हा वर माझ्या मागे उभा. कॉकपिट पाहून म्हणाला, "मामा, घड्याळांवर मराठीत लिही ना. उंची, वेग, तेल." मलाही ते फार हवंसं वाटलं होतं. पण १९४४ मध्ये ते तसं नसतं. घड्याळं अमेरिकेहून आली असती, फूट आणि मैल दाखवणारी. पंखावरचं वर्तुळसुद्धा मी पुन्हा रंगवलं होतं, कारण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दोस्तांनी आपल्या खुणेतला लाल ठिपका काढून टाकला होता, जपानी सूर्याशी गल्लत नको म्हणून. गडद निळा आणि फिकट निळा, एवढेच रंग राहिले होते. भाच्याला हे पटलं नाही. "खोटंच आहे तर आपल्या मनासारखं का नाही?" असं त्याने विचारलं.

मी त्याला गॅलरीत नेलं आणि खालचा किल्ला दाखवला. तो किल्ला कुठल्याही खऱ्या किल्ल्याची नक्कल नव्हता. मुलांनी मनाने रचलेला. तरी त्यात पाण्याचं टाकं होतं, चोरदरवाजा होता, बुरुजाकडे जाणारी वाट वळसा घेऊन होती. टाकं नसलेला किल्ला कुणी करत नाही. मनाने रचलेल्या किल्ल्यातही मावळे तहानेने मरता कामा नयेत, हे त्या पोरांना ठाऊक आहे. माझ्या विमानाचं तेच आहे. भाचा काही बोलला नाही, पण संध्याकाळी येऊन त्याने रोधाचा गुणांक म्हणजे काय ते विचारलं.

इथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, असं आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं आणि त्याला आधार म्हणून 'वैमानिक शास्त्र' पुढे केलं जातं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तो ग्रंथ तपासला. तो विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मला तळपद्यांच्या ध्यासाबद्दल आदर आहे. पण न घडलेली गोष्ट घडली म्हणून सांगणं आणि न घडलेली गोष्ट 'घडली नाही' अशी पाटी लावून मांडणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकाराने घाटग्यांसारख्या खऱ्या माणसांची जागा जाते. चौपाटीची गोष्ट माहीत असलेले शंभर जण मला भेटले असतील, हसूरचंपूची माहीत असलेले तीन. आणि आज ज्याने खरा पत्रा कापला, त्या अमोल यादव यांचंही तसंच. कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर या वैमानिकाने सहा आसनी विमान बांधलं, २०१६ मध्ये ते मुंबईत लोकांपुढे मांडलं. माझ्या रात्री खर्ची पडल्या, त्यांची वर्षं आणि घरदार. त्यांच्या कामापुढे माझं काम काहीच नाही.

सिम्युलेटरमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली ती आपल्या दाराशीच. एका रविवारी मी शिक्रा पनवेलवर आणला. माझ्याकडच्या फ्लाइटगिअरमधल्या डोंगरदऱ्यांची उंची फेब्रुवारी २००० मधल्या अंतराळयानाच्या रडार मोजणीतून आलेली आहे. त्यामुळे पडद्यावर उलव्याची टेकडी अजून उभी आहे, आणि उलवे नदी आपल्या जुन्या वाटेने खाडीला मिळते. खिडकीबाहेर मात्र ती टेकडी कापून, दहा गावं हलवून, नवी मुंबईचा विमानतळ झालेला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरच्या २५ तारखेपासून खरी विमानं आमच्या डोक्यावरून उतरू लागली. त्या गावांतली माणसं आज पुनर्वसनाच्या वसाहतींत राहतात. त्यांच्यासाठी पडद्यावरची ती टेकडी ही जर-तरची गोष्ट नाही, ते त्यांचं घर होतं. मी तिच्यावरून एक फेरी मारली आणि कर्नाळ्याकडे वळलो. तिथे उलटं झालं. कर्नाळ्याचा सुळका नाहीच. नव्वद मीटरच्या चौकटीत मोजलेल्या नकाशात तो अंगठा मावला नाही, तिथे नुसता उंचवटा आहे. शिरढोणचा माणूस, ज्याच्या गावात वासुदेव बळवंत फडके जन्मले, तो रोज हा सुळका पाहतो. तो सुळका हाताने बसवायचं काम मी अजून करतो आहे.

शिक्रा लढला तेव्हा काय झालं, हे सांगायलाच हवं. खारघरचा माझा एक मित्र जपानचं की-४३ उडवतो. ब्रह्मदेशात दोस्तांचे वैमानिक त्याला ऑस्कर म्हणत. त्याचं वजन २,६०० किलोंच्या आत, पंखाच्या दर चौरस मीटरवर १२१ किलो. शिक्र्याचे १५५. वळणाच्या लढाईत मी सलग सात वेळा पडलो. मग वळणं सोडली. उंचावरून यायचं, एकदा मारायचं आणि वेगाच्या जोरावर निघून जायचं, कर्नाळ्याच्या शिक्र्यासारखं. त्यानंतर बरोबरी झाली. पण ती बरोबरीच. आणि १९४४ च्या सुरुवातीला खऱ्या आघाडीवर ताशी साडेसहाशे किलोमीटर वेगाची स्पिटफायर आठ आलेली होती. तिच्यापुढे शिक्र्याची गरज कुणाला पडली असती? ऑस्ट्रेलियाच्या बूमरँगनेही हवेत शत्रूचं एकही विमान पाडलं नाही. त्याने जंगलातल्या पायदळाला मदत केली आणि ते काम उत्तम केलं. इंफाळला आपल्या हवाई दलाच्या हरिकेन विमानांनी जे केलं तेच, त्यांच्या जोडीने, शिक्र्याने केलं असतं. माझा निकाल असा आहे की या विमानाने युद्धाचा निकाल तिळभरही बदलला नसता.

बदललं असतं ते ड्रॉइंग ऑफिस. घाटग्यांनी आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. भारतात आखून भारतात बांधलेलं ते पहिलं विमान. दीडशेहून जास्त झाली, घानाच्या हवाई दलानेही घेतली. त्यानंतर लढाऊ विमानासाठी १९५६ मध्ये जर्मन अभियंते कुर्ट टँक यांना बोलावलं गेलं. हे तेच टँक, ज्यांनी फोके-वुल्फ १९० आणि टीए १५२ केली. म्हणजे १९४६ च्या स्वप्नात रमणाऱ्या जगभरच्या छंदिष्टांचं दैवत बंगळुरात येऊन काम करून गेलं आणि त्यांचं मरुत १७ जून १९६१ ला आपल्या आकाशात उडालं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मरुत उभं आहे, मुलांना घेऊन जरूर जा. टँक यांच्या टेबलाभोवती बसणाऱ्या आपल्या मुलांच्या हातांना १९४२ पासून सलग सवय असती तर काय झालं असतं, याचं गणित जेएसबीसिमला येत नाही. मला मात्र त्याचं उत्तर ठाऊक आहे असं वाटतं, कारण ड्रॉइंग ऑफिस कसं तयार होतं ते मी रोज पाहतो. एका माणसाच्या खांद्यावरून दुसरा पाहतो, दुसऱ्याच्या खांद्यावरून तिसरा. मधली दहा वर्षं गेली की खांदा राहत नाही.

शिक्रा आता पुरा झाला आहे. त्याच्याशेजारी मी एचटी-२ करायला घेतलं आहे, आणि गंमत अशी की खरं विमान करणं जास्त कठीण जातंय. शिक्र्याचं अडलं की मी हिशेबाने ठरवायचो. एचटी-२ चं मला ठरवता येत नाही, ते जसं होतं तसंच हवं. बंगळूरच्या एचएएल संग्रहालयात ते पाहता येतं, पण काचेपलीकडच्या विमानाचा आसनाखालचा खटका कुठल्या बाजूला होता, पहाटे इंजिन चालू करताना मदतनीस काय ओरडायचा, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सही कशी करत, हे तिथे नाही.

ते कुठे असेल, याचा मला अंदाज आहे. बंगळूरला, नाशिकजवळ ओझरला, कानपूरला कितीतरी मराठी माणसांनी या कारखान्यांत आयुष्यं काढली. त्यांच्या वह्या, पासाचे फोटो, मोडका स्लाइड रूल, निरोपसमारंभाचा ग्रुप फोटो, हे सगळं कुणाच्या तरी माळ्यावर ट्रंकेत आहे. पुढची दिवाळी जवळ आली की घर आवरायला निघेल आणि रद्दीवाला दारात येईल. आजोबांच्या नावाची निळ्या कागदाची गुंडाळी हाती लागली, तर कृपा करून ती उलगडून पाहा. मागे पेन्सिलीने काय लिहिलं आहे ते वाचा, फोटो काढून ठेवा, आणि ती रद्दीत देऊ नका.